काकांचे कान आणि गाडीतला बेस

काय काम करता, असं कुणी विचारलं की मी "गाड्यांच्या दुकानात आहे" एवढंच सांगते. समोरच्या बाईला वाटतं, सीट कव्हर शिवत असेल. पूर्वी तेच करायचे, त्यामुळे ते अगदी खोटंही नाही. गाडीतला बेस नीट करते असं सांगितलं तर पुढे दहा प्रश्न येतात, आणि चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझ्या घशाला कोरड पडते. कागदाचं तसं नाही. कागद मध्येच काही विचारत नाही.

बेस म्हणजे गाण्यातला जाड आवाज. ढोल, डग्गा, गिटारची सगळ्यात जाड तार, हे सगळं त्यात आलं. गिऱ्हाईक मात्र असं सांगत नाही. ते छातीवर हात ठेवतं आणि म्हणतं, "इथं बसला पाहिजे." मग त्याला वाटतं मोठा स्पीकर घेतला की झालं. पण नुसता स्पीकर डिकीत ठेवला तर त्यातून बेस येत नाही, ही गोष्ट मलाही पहिल्यांदा पटली नव्हती. स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा तो पुढची हवा ढकलतो आणि त्याच वेळी मागची हवा ओढतो. पुढची आणि मागची हवा एकमेकींना भेटली की आवाज तिथेच मरतो. एकीने बादलीत पाणी ओतावं आणि दुसरीने तेवढंच काढून घ्यावं, तसं. म्हणून स्पीकर लाकडी खोक्यात बसवायचा, म्हणजे मागची हवा आत कोंडून राहते. या खोक्याला आमच्यात बॉक्स म्हणतात. बॉक्स चांगला तर बेस चांगला. बाकी सगळं नंतर.

हे मला शिकवलं श्रीधरकाकांनी. दुकान त्यांचं. राहायला ते नारायण पेठेत, आणि तरुणपणी तिथेच रेडिओ दुरुस्त करायचे. रेडिओ गेले, टेप आले, मग गाड्यांचे टेप आले. पेठेत गाडी उभी करायला जागा नाही म्हणून दुकान कोथरूडला हलवलं, मुख्य रस्त्यावरून आतल्या गल्लीत. मी तिथे गेले ती शिवणाच्या कामाला. माझं माहेर लोणी काळभोर. चौथीपर्यंत शाळा झाली, पुढे धाकटी भावंडं सांभाळायला घरी राहिले. लग्न होऊन पुण्यात आले तेव्हा शिलाई मशीन तेवढं चालवता येत होतं. काकांनी पहिल्या दिवशी माझी शिलाई बघितली आणि म्हणाले, "सरळ आहे. पुण्यात सरळ काही दिसलं की बरं वाटतं." ही शाबासकी आहे हे मला दोन दिवसांनी कळलं.

शिवणातून मी बॉक्सवर कार्पेट चिकटवायला लागले. एकदा मी असाच एक बॉक्स मढवत होते आणि काका स्पीकर चालू करून बघत होते. माझ्या मनगटाला कोपऱ्यातून बारीक वारा लागला, कुणी फुंकर मारावी तसा. सांगावं की नको, यात माझा बराच वेळ गेला. शेवटी सांगितलं. काकांनी तिथे हात धरला, बॉक्स उलटा केला, बघितलं तर आतला सांधा उघडा होता. म्हणाले, "मंदाबाई, आपल्या मनगटाला जे कळलं ते मला कळायला गिऱ्हाईक परत यावं लागलं असतं." त्या दिवसापासून बॉक्स तपासायचं काम माझ्याकडे आलं. दुकानात गणपतीपुढे उदबत्ती लागायची, आमच्या घरी बुद्धमूर्तीपुढे लागते तशीच. ती घेऊन मी बॉक्सच्या प्रत्येक सांध्यावरून फिरवायचे. धूर सरळ गेला तर सांधा बरा. धूर थरथरला की तिथे फट. मग गोंदात लाकडाचा भुसा कालवायचा आणि आतून लिंपायचं. चूल लिंपलेल्या हाताला हे काही नवं नव्हतं.

आणखी एक सोपी गोष्ट, जिच्यावाचून बऱ्याच लोकांचा बेस जातो. स्पीकरला दोन तारा असतात, अधिकची आणि उण्याची. एका स्पीकरला त्या उलट जोडल्या तर एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो. एका जात्याचा खुंटा दोन बायकांनी धरावा आणि दोघींनी उलट्या दिशेने ओढावं, पीठ कुठून पडणार? काका घड्याळातला एक छोटा सेल खिशात ठेवायचे. तो तारांना टेकवला की पडदा बाहेर येतो की आत जातो ते दिसतं. दुसऱ्या दुकानातून निराश होऊन आलेल्या कितीतरी गाड्या आम्ही नुसत्या तारा बदलून परत पाठवल्या. "काय केलंत?" असं विचारलं की काका म्हणायचे, "समजूत घातली."

मग उरते खडखड. बेस चांगला आला की गाडीतलं जे जे ढिलं आहे ते वाजायला लागतं. दाराच्या आतला पत्रा, डिकीचं झाकण, नंबरप्लेट. कुठे वाजतंय हे कानाला चटकन कळत नाही, कारण सगळी गाडीच थरथरत असते. मी घरून चिमूटभर रवा नेला आणि दारावरच्या सपाट जागेवर टाकला. गाणं लावलं. जिथे रवा उड्या मारायला लागला तिथे आतून चिकट जाड पट्टी लावली. काकांनी बघितलं. दुसऱ्या दिवशी दुकानात रव्याचा डबा आला होता.

खडखड काढली म्हणून एका गिऱ्हाइकाने आमच्याशी भांडण केलं होतं. टुरिस्ट गाडी चालवणारा, लोणीकडचाच माणूस होता. त्याचं बोलणं ऐकून मला आत बसल्या बसल्या माहेरी गेल्यासारखं वाटलं. आम्ही त्याची गाडी घट्ट करून दिली आणि तो संध्याकाळी परत आला.

"काका, बेस गेला की वो. आधी मागनं कसं खडाखडा वाजत हुतं."

"तो बेस नव्हता. ती तुमची नंबरप्लेट होती."

त्याने मागे जाऊन नंबरप्लेट हलवून बघितली. मग म्हणाला, "मंग ती परत ढिली करा की."

काकांनी खरंच एक स्क्रू ढिला करून दिला. तो खूश होऊन गेला. काका मला म्हणाले, "ज्याची गाडी, त्याची छाती."

दुसरे एक गृहस्थ होते, त्यांनी डिकीत बॉक्स मागे तोंड करून बसवलेला बघितला आणि विचारलं, आवाज मला ऐकायचाय की मागच्या गाडीला? काकांनी त्यांना शांतपणे सांगितलं की जाड आवाज कोपऱ्यात आपटून मोठा होतो, डिकीच्या मागच्या बाजूला तोंड केलं की तो भरून येतो. पटलं नाही. मग काकांनी बॉक्स फिरवून पुढे तोंड करून दिला आणि म्हणाले, चार दिवस ऐका. ते तिसऱ्या दिवशी आले आणि डिकी उघडून म्हणाले, फिरवा परत.

आता बॉक्सची कामं कमी झाली आहेत. निम्म्या गाड्यांच्या डिकीत गॅसची टाकी असते. बॉक्सला जागाच नाही. मग टाकीच्या मागे पोळपाटाएवढा पातळ बॉक्स बसवा, स्टेपनीच्या खड्ड्यात गोल बॉक्स बसवा, असं करावं लागतं. असे बॉक्स करायला मला आवडतं, पण पहिल्यासारखा मोठा, भारदस्त बॉक्स करून बरेच दिवस झाले याचं वाईटही वाटतं.

खरं सांगायचं आहे ते काकांच्या कानांबद्दल.

आवाज शेवटी बसवायचं काम काकांचं होतं. किती जाड, किती बारीक, मधला किती, हे ठरवणं म्हणजे आमटीत गूळ-चिंच-मीठ बघणं. तार कुणीही जोडेल, बॉक्स कुणीही शिकेल, पण लोक लांबून यायचे ते काकांच्या कानासाठी. ते ड्रायव्हरच्या जागी बसायचे, काचा वर करायचे, गिऱ्हाइकाचंच गाणं लावायचे आणि डोळे मिटायचे. गिऱ्हाईक बाहेर निकालाला उभं राहिल्यासारखं उभं राहायचं. काका खाली उतरून "न्या" म्हणाले की झालं. त्यांचं ते म्हणणंच होतं, "ज्या दिवशी कान जाईल त्या दिवशी दुकानाला कुलूप." हे ते हसत म्हणायचे, पण तेच त्यांचं खरं होतं. घरी काकू गेल्यापासून दुकानाशिवाय त्यांना दुसरी जागा नव्हती.

मग गाड्या परत यायला लागल्या. पहिली आली ती बँकेतून निवृत्त झालेल्या एका ओळखीच्या गृहस्थांची. ते म्हणाले, "श्रीधरपंत, बेस सोडून सगळं ऐकू येतंय." काकांनी बॉक्स मोठा दिला. ते पुन्हा आले. काकांनी तारा बदलल्या. मग दुसऱ्या कुणाची आली, मग तिसऱ्याची. सगळ्यांची तक्रार एकच, बेस नाही. काका चिडचिडे झाले. आजकालचे स्पीकर म्हणजे पापड आहेत, म्हणायला लागले. त्यांना कधी स्पीकरला दोष देताना मी ऐकलं नव्हतं.

मी खडखड शोधायला मागच्या सीटवर बसायचे तेव्हा माझे दात शिवशिवायचे. झांज वाजली की कुणी कानात सुई टोचतंय असं वाटायचं. गाणाऱ्या बाईचा प्रत्येक "स" सापासारखा फुत्कारायचा. बारीक आवाज भलताच वर लावलेला होता. आणि बारीक आवाज टोचला की माणूस काय करतो, सगळाच आवाज कमी करतो. आवाज कमी केला की पहिल्यांदा जातो तो बेस. लोक बेस नाही म्हणत होते ते खरं होतं, पण बॉक्सचा त्यात काही दोष नव्हता.

काकांना ती सुई टोचत का नाही, हे मला नंतर कळलं. एका गाडीचा वळायचा दिवा चालू राहिला होता. आत टिकटिक चालू होती आणि काका शेजारी बसून मला काहीतरी सांगत होते, त्यांना ती टिकटिक ऐकूच येत नव्हती. मग एकदा गाडी मागे घेताना मागचा बारीक पीं-पीं आवाज वाजत होता आणि काकांनी गाडी शेजारच्या कुंडीला टेकवली. खाली उतरून म्हणाले, "कुंडी उगाच मागे आली." मी हसले, पण कुंडी सरळ करताना मला ती टिकटिक आठवली. जन्मभर स्पीकरला कान लावलेला माणूस. जाड आवाज त्यांना अजून नीट कळत होता, हाताला आणि छातीलाही कळत होता. वरचा बारीक आवाज हळूहळू निघून गेला होता, आणि तो परत आणायला ते बारीकचं बटण वर, अजून वर फिरवत होते.

त्यांना हे कोण सांगणार? स्वयंपाक्याला तुझी चव गेली म्हणून सांगायचं का? आणि मी, जी फट सापडली तरी सांगू की नको करते?

दाराच्या आत, बारीक आवाजाच्या स्पीकरला जोडलेली एक छोटी डबी असते. त्या डबीत एक पिन असते. ती एका घरातून काढून दुसऱ्या घरात घातली की बारीक आवाज थोडा उतरतो. काका आवाज बसवून "झालं" म्हणाले की खडखड काढायला दार उघडायचं काम माझंच होतं. मी पट्टी लावायचे, पिन एक घर खाली घ्यायचे आणि दार बंद करायचे. मला त्यात काही चोरटं वाटलं नाही. सासूबाईंच्या हातून आमटीत मीठ जास्त पडलं तर त्यांच्या नकळत आपण पाणी घालतोच की.

गाड्या परत यायच्या थांबल्या. काकांच्या चेहऱ्यावर रंग आला. एक दिवस त्यांनी स्वतःहून सगळ्यांना वडापाव मागवला. मला वाटलं, हे असंच चालू राहील.

चाललं नाही, कारण गाड्याच बदलल्या. आता डॅशबोर्डवर मोठी स्क्रीन असते. बटणं नाहीत, आणि कितीतरी गाड्यांत दारातली ती डबीही नाही. जे काही आहे ते स्क्रीनच्या आत, इंग्रजीत. मला अधिक आणि उणे एवढी दोनच चिन्हं ओळखता येतात. अशा गाडीत काका जे बसवतील तेच गिऱ्हाइकाबरोबर जाणार होतं. पिन नसलेली पहिली गाडी आली ती सुमतीबाईंची.

सुमतीबाई म्हणजे कोथरूडात तबला शिकवणाऱ्या बाई. काकांच्याच वयाच्या, बारीक अंगाच्या, केस एकदम पांढरे. लेकीने नवी गाडी घेऊन दिली होती आणि त्या स्वतः चालवत आल्या. शेजारच्या सीटवर डग्गा होता, त्याला पट्टा लावलेला. कोथरूडातली अर्धी घरं त्यांच्या हाताखालून गेलेली. त्यांनी कुणाचं बरं म्हटलं तर ते बरं, आणि वाईट म्हटलं तर आठवड्यात सगळीकडे झालं. काकांना हे ठाऊक होतं. सकाळपासून त्यांनी दोनदा चष्मा पुसला होता.

बाईंचं म्हणणं साधं होतं. शिष्यांना घेऊन जाताना त्या गाडीत वादन ऐकवतात, पण डग्ग्याचा घुमारा येत नाही, नुसती धपधप येते. आम्ही मागच्या बाजूला पातळ बॉक्स बसवला, मी सांध्यांवरून उदबत्ती फिरवली, सगळं मनासारखं झालं. मग काका आवाज बसवायला बसले. दुसरं कुणी असतं तर बाहेर उभं राहिलं असतं. सुमतीबाई डग्गा मागच्या सीटवर ठेवून शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "मी इथेच ऐकते." मोबाइलवर त्यांचंच वादन होतं. मी मागच्या उघड्या दाराशी पट्टी घेऊन उभी होते.

काकांनी डोळे मिटले, स्क्रीनवर बोट फिरवलं. मला बाहेर उभ्यानेच ऐकू आलं. सुई.

"डग्गा आहे," बाई म्हणाल्या. "चांगला आहे. पण त्याच्यावर कुणीतरी पत्र्यावर तांदूळ ओततंय."

"ती तबल्याच्या काठाची चाट आहे," काका म्हणाले.

"श्रीधरपंत, चाट मी जन्मभर वाजवतेय. ती अशी टोचत नाही."

काकांनी बेस वाढवला. विचारलं, आता? बाई म्हणाल्या, आता तांदूळही आणि ढोलही. काकांनी बेस कमी केला, मधला वाढवला, परत खाली घेतला. वादन संपलं, परत सुरू झालं. काकांच्या कपाळावर घाम दिसायला लागला. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, तेच जास्त वाईट वाटलं.

"आपल्याला ते ऐकू येत नाहीये का?"

काकांनी स्क्रीनवरचं बोट काढून घेतलं. गल्लीत कुणी भंगारवाला ओरडत गेला. मग मान न वळवता त्यांनी विचारलं, "मंदाबाई, आपल्याला ऐकू येतंय?"

मी नाही म्हटलं असतं तर दोघांना ऐकू येत नाही असं झालं असतं आणि चूक बाईंच्या कानाची ठरली असती. काका त्या दिवसापुरते वाचले असते. हो म्हटलं तर काकांचं काय राहिलं, हे त्या बाईंसमोर उघडं पडणार होतं. पण काकांनी आयुष्यात मला कधी खोटं बोलायला सांगितलं नव्हतं, आणि मला वाटलं, आत्ताही सांगत नाहीत. त्यांना खरंच विचारायचं होतं.

"येतंय, काका," मी म्हटलं.

"काय येतंय?"

"बाई म्हणतात तेच. बारीक आवाज फार वर आहे. तो खाली घेतला की डग्गा आपोआप वर येईल. डग्ग्याला हात लावायला नको."

गिऱ्हाइकासमोर एवढं मी कधीच बोलले नव्हते. 

काकांनी वादन बंद केलं. दार उघडून खाली उतरले. मला वाटलं, आता ते आत जाऊन शटर ओढतील. ते दार धरून उभे राहिले आणि म्हणाले, "बसा."

इतकी वर्षं गाड्यांच्या पोटात डोकं घालून काढली, पण ड्रायव्हरच्या जागी मी कधी बसले नव्हते. पदर सावरून बसले. स्क्रीनवर निळ्या अक्षरांची रांग होती.

"काका, मला हे वाचता येत नाही."

"वाचायला मी आहे. आपण ऐका."

ते खिडकीतून आत वाकले, एवढ्या वयात, पाठ दुखत असताना, आणि बोट स्क्रीनवर ठेवलं. वादन सुरू झालं.

"खाली घ्या," मी म्हटलं. "अजून. अजून थोडं. थांबा. आता जरा वर."

"हे?"

"हे."

सुई गेली. तबल्याचा काठ नुसता काठ राहिला, आणि त्याच्या खालून डग्गा आला. डग्ग्यावर मनगट सरकतं तेव्हा आवाज वाकतो. विहिरीत घागर बुडताना जसा आवाज करते, तसा. तो आता सीटमधून माझ्या पाठीला लागत होता, आणि कुठेही धपधप नव्हती. सुमतीबाईंची डाव्या हाताची बोटं त्यांच्या मांडीवर हलायला लागली होती. तुकडा संपला.

"हां," त्या म्हणाल्या. "आता माझा हात आहे."

जाताना त्यांनी डग्ग्याला पुन्हा पट्टा लावला आणि काच खाली केली. काकांना म्हणाल्या, "एका हाताने डग्गा, दुसऱ्याने तबला. आम्हाला त्याची कधी लाज वाटली नाही, श्रीधरपंत." आणि गेल्या.

काका आत येऊन स्टुलावर बसले. मी चहा ठेवला. कप हातात घेत त्यांनी विचारलं, "पिन?"

"हो."

"तरीच. गाड्या परत यायच्या थांबल्या तेव्हा मी घरी बसून आठवायचो, मी नेमकं काय बदललं. काहीच बदललेलं नव्हतं." त्यांनी चहाचा घोट घेतला. "बोलला नाहीत."

"आपण विचारलं नाहीत."

काका हसले. फार दिवसांनी असे हसले. "उद्यापासून विचारत जाईन," म्हणाले.

आणि विचारत गेले. दुकानाला कुलूप लागलं नाही. कानाच्या डॉक्टरांनी त्यांना यंत्र दिलंय. ते घरी आणि रस्त्यावर लावतात, गाडीत बसताना मात्र काढून खिशात ठेवतात. त्याने गाणं कागदात गुंडाळल्यासारखं येतं म्हणतात. आता ड्रायव्हरच्या जागी मी बसते, शेजारी ते. त्यांचं बोट, माझे कान. काही लोक बघत राहतात. एकाने तोंडावर विचारलं, ह्या बाई बसवणार का आवाज? काकांनी त्याला सांगितलं, "मी फक्त बोट. नापसंत असेल तर नुसतं बोट नेऊ शकता, कान इथेच राहतील." मला अजूनही गिऱ्हाइकासमोर घाम फुटतो. पण "खाली", "वर", "थांबा" एवढे शब्द आता न अडखळता येतात.

मागच्या आठवड्यात एक गाडी झाली, गिऱ्हाईक यायला अवकाश होता. आम्ही दोघे आत बसून होतो, रेडिओवर कुठलं तरी संथ गाणं लागलं होतं. काकांचा तळवा डॅशबोर्डवर होता. बेस ते असाच ऐकतात.

"खालचं सगळं आहे," ते म्हणाले. "वर काय आहे?"

मी ऐकलं. "सतार आहे. फार पुढे नाही. कुणीतरी घुंगरू हलवतंय, एकदाच वाजतात, मग थांबतात. आणि बाई गाताना श्वास घेते तो ऐकू येतो."

"श्वास?"

"हो. ओळ संपली की. आत्ता घेतला बघा."

काकांनी मान पुढे केली. पुढच्या ओळीच्या शेवटी त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. त्याच्या पुढच्या ओळीला त्यांनी डोळे मिटले. ओळ संपली, बाईने श्वास घेतला, आणि माझी मान हलायच्या आतच काका हळूच म्हणाले, "आत्ता."